ड्राय संप इंजिनाची जुनी ऑइल टाकी: रंगाआधी आतून-बाहेरून साफ कशी करावी?

बॉनी६८

मंडळी, गाडी १९६८ ची ट्रायम्फ टी१२०. इंजिन ड्राय संप, तेलाची टाकी वेगळी, सीटखाली उजव्या बाजूला. फ्रेम रंगवायची आहे म्हणून टाकीही उतरवली. तोंडातून टॉर्च मारला तर तळाला डांबरासारखा काळा थर दिसतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात चार-पाच मिलिमीटर रुततं. बाहेर रंगावर रंग असे किमान तीन हात चढवलेले आहेत. खालच्या शिवणीपाशी रंग फुगलाय आणि मागच्या ब्रॅकेटच्या मुळाशी कायम तेलकट डाग असतो.

आतला गाळ कशाने काढावा? ब्लास्टिंगवाला म्हणतो, तोंडं बंद करून द्या, अर्ध्या तासात पत्रा उघडा करून देतो. द्यावी का? त्यावर पावडर कोटिंग चालेल की टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंगच बरा? आणि पेट्रोल टाकीला आतून लावतात तसलं लायनर इथे लावून गळतीचा प्रश्न एकदाच मिटवता येईल का?

---

ड्रायसंप

ब्लास्टिंगचं आधी सांगतो, कारण त्यात टाकी वाचते आणि इंजिन जातं. ऑइल टाकीवर वाळू, काचेचे मणी, ॲल्युमिनियम ऑक्साइड, काहीही मारू देऊ नका. तोंडं म्हणजे फक्त वरचं झाकण आणि खालचा ड्रेन प्लग नव्हे. परतीची नळी, रॉकरला तेल देणारी बारीक नळी, फेस बसवणाऱ्या नळकांड्याचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी नळी), काही टाक्यांवर मागच्या चेनला तेल सोडणारी नळी, इतक्या वाटा आहेत. एखादी टेप उडाली की कण आत गेलेच. आतल्या पत्र्यावर तेलाचा ओशटपणा असतो, कण त्याला चिकटून बसतात आणि पाण्याने कितीही खळबळलं तरी सुटत नाहीत. सुटतात ते गरम तेल फिरायला लागल्यावर.

पुढचा प्रवास बघा. टाकीच्या तळाच्या युनियनमध्ये (तेलाची नळी जोडायच्या आट्यांच्या जोडात) एक तारेची जाळी आहे, तिच्यातून बारीक कण सहज निघून जातो. मग पंप, आणि तिथून थेट क्रँकचे बिग एंड बेअरिंग. या इंजिनाला मुळात कागदी फिल्टरच नाही. कण बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतो आणि क्रँकचा जर्नल घासत राहतो. शिवाय ट्रायम्फचा पंप प्लंजरचा, त्याच्या झडपा म्हणजे स्प्रिंगवर बसलेल्या गोळ्या. पुरवठ्याच्या गोळीखाली कण अडकला तर गाडी उभी असताना टाकीतलं तेल क्रँककेसमध्ये उतरतं. परतीच्या गोळीखाली अडकला तर चालू इंजिनातलं तेल वर येतच नाही, केस भरतो आणि सायलेन्सर धूर ओकायला लागतो.

आता गाळ. ज्वलनाची काजळी, शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले शिशाचे क्षार, आत जमलेलं दव, करपलेलं तेल आणि धातूची भुकटी यांचं ते मिश्रण. त्या काळच्या साध्या तेलात डिटर्जंट नसायचं, त्यामुळे मळ टाकीत आणि क्रँकच्या गाळनळीत (क्रँकच्या आतली, तेलातला गाळ धरून ठेवणारी नळी) खाली बसत जायचा. अशा टाकीत आजचं डिटर्जंट तेल ओतलं की तोच थर हळूहळू मोकळा होऊन निघतो. म्हणून गाळ पूर्ण काढायचा, थोडा राहिला तर चालेल असं इथे नाही.

ड्रेन प्लग, जाळीचं युनियन, झाकण आणि त्याचं गॅस्केट, सगळे रबरी बुश काढा. युनियनच्या भोकातून वाकवलेली पितळी पट्टी घालून जितका निघेल तितका गाळ कोरडाच ओढून काढा. रॉकेल ओतण्याआधी हे केलं तर पुढचं काम निम्मं होतं. मग एक तृतीयांश टाकी रॉकेलने भरा, भोकं बंद करा आणि टाकी दर काही तासांनी वेगळ्या बाजूवर ठेवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास भिजू द्या. ओतताना पांढऱ्या फडक्यातून गाळा म्हणजे काय सुटतंय ते दिसतं. रॉकेल जसं आत गेलं तसंच बाहेर येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते आणि या गाळावर ते रॉकेलपेक्षा सरस अजिबात नाही.

खडखडवायला नट-बोल्ट टाकायची पद्धत पेट्रोल टाकीत चालून जाते. इथे आत आडवे पत्रे आणि नळकांडं आहे, त्यामागे अडकलेला नट टाकी कापल्याशिवाय येत नाही. त्याऐवजी बारीक साखळीचा हातभर तुकडा घ्या, एका टोकाला तार बांधा, तार तोंडाबाहेर ठेवा आणि टाकी हलवा. खडी किंवा काचेचे तुकडे घालायचे तर ब्लास्टिंगने काय बिघडवलं होतं?

रॉकेलनंतर आत ओशटपणा राहतो. तो काढायला ६०-७० अंशांचं गरम पाणी, लिटरमागे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण. टाकी काठोकाठ भरा, तीन-चार तास ठेवा, ओता, गरम पाण्याने खळबळा, पुन्हा एकदा तेच. तारेला पांढरं फडकं गुंडाळून आडव्या पत्र्यांच्या मागे फिरवा. फडकं पांढरंच आलं आणि पाणी आतल्या पत्र्यावर थेंब न धरता सलग पसरलं, तर टाकी साफ झाली.

नळ्या विसरू नका. क्लचच्या जुन्या केबलची आतली तार घ्या, टोकाचे धागे थोडे उसवा आणि प्रत्येक नळीतून हाताने फिरवत न्या. मग पाणी, मग हवा. ब्रीदर बुजलेला राहिला तर परतीच्या तेलाबरोबर आलेली हवा टाकीत कोंडते आणि तेल झाकणातून उडतं. लोक मग झाकणाचं गॅस्केट बदलत बसतात.

निघालेलं रॉकेल आणि गाळ गटारात किंवा मातीत ओतू नका. वापरलेल्या इंजिन तेलाच्या डब्यातच जमा करा.

---

झाळकाम

वरच्या मजकुराशी पूर्ण सहमत. त्यात कॉस्टिक सोड्याबद्दल भर घालतो, कारण कोणीतरी तो सुचवणारच. गाळ आणि रंग दोन्ही एकदम काढतो हे खरं. निव्वळ पोलादी, वेल्ड केलेल्या टाकीला लिटरमागे ५० ग्रॅम चालतो. कॉस्टिक पाण्यात थोडा थोडा टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, आणि डोळ्यांना बंद गॉगल हवाच. पण ॲल्युमिनियमचं झाकण किंवा ब्रॅकेट आत राहिलं तर ते विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताचा मुलामा जातो, कथील-शिशाच्या डागालाही (वितळवून भरलेल्या सांध्यालाही) तो खातो. म्हणून आधी सांधे ओळखा. नखाने किंवा सुरीने ओरखडा सहज उठतो अशी मऊ चंदेरी रेघ म्हणजे कथलाचा डाग. पिवळी रेघ म्हणजे पितळी झाळ. पत्र्याच्याच रंगाची असेल तर वेल्ड. कथलाचा एकही सांधा दिसला तर कॉस्टिक बाद, धुण्याच्या सोड्यावरच थांबा.

पावडर कोटिंगचं उत्तरही त्यातच आहे. भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते आणि ६०/४० कथील १८३ अंशांना वितळायला लागतं. कोटिंग देखणं होईल आणि सांधा उघडा पडेल. टाकी पूर्ण वेल्ड केलेली असली तरी दुमडलेल्या शिवणीत तेल शिरलेलं असतं. भट्टीत ते उकळून बाहेर येतं आणि पावडरमध्ये टाचणीएवढी भोकं पाडतं. ओल्या रंगाचाच विचार करा.

लायनर नको. पेट्रोल टाकी थंड असते. ही टाकी दर फेरीला ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते, निवते, आणि तिचा पत्रा इंजिनाच्या कंपनांनी सतत लवतो. पत्र्याच्या छिद्रांत जराही तेल राहिलं असेल तर लायनर तिथूनच सुटायला लागतं. सुटलेला पापुद्रा तळाच्या जाळीवर जाऊन बसला की पुरवठा बंद, आणि हे कळतं तेव्हा इंजिन जाम झालेलं असतं. गळती धातूनेच बंद करायची.

गळती शोधायला सगळी भोकं आट्यांच्या बोल्टने आणि रबरी बुचांनी बंद करा, सायकलच्या पंपाने ०.१५ ते ०.२ बार, म्हणजे दोन-तीन पीएसआय दाब भरा आणि शिवणी, ब्रॅकेटची मुळं, नळ्यांच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा. त्याहून जास्त दाब देऊ नका, सपाट बाजू फुगतात आणि परत जागेवर येत नाहीत. कॉम्प्रेसरची नळी थेट लावणं तर मुळीच नको.

तुमच्या ब्रॅकेटच्या तेलकट डागाचं कारण बहुधा रबरी बुश आहेत. ते कडक झाले, किंवा कोणी ते काढून बोल्ट थेट आवळले, की सगळं कंपन ब्रॅकेटच्या मुळाशी येतं आणि पत्रा तिथे चिरतो. बुश नवे घातले नाहीत तर झाळलेली चीर शेजारून पुन्हा निघेल.

टाकीला आच लावण्याआधी एक गोष्ट पक्की ठेवा: आत तेलाचा अंश असलेली, रिकामी दिसणारी टाकी स्फोटक असते. वर सांगितलेली सोड्याची धुलाई दोनदा झालेली हवी. त्यानंतर टाकी अशी धरा की चीर सर्वांत वर येईल, चिरेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि निदान एक मोठं तोंड उघडं ठेवा. पाणी जमत नसेल तर आर्गॉन सोडत राहा. आणि झाळायच्या जागी क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारू नका, त्यापासून उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

बारीक चिरेला चांदीची झाळ मला सर्वांत पसंत. ती सातशे अंशांच्या आतच वाहते, त्यामुळे पत्रा कमी वाकतो. पण चिरेत जुनं कथील भरलेलं असेल तर ते आधी पूर्ण काढावं लागतं, शिसं-कथलावर चांदीची झाळ धरत नाही. झाळल्यावर फ्लक्स (झाळ धरावी म्हणून लावलेलं रसायन) गरम पाण्यात भिजवून आतून-बाहेरून काढा. काचेसारखा कडक फ्लक्स आत राहिला तर तोही एक दिवस जाळीवर येणार. मग दाबाची चाचणी पुन्हा.

---

बॉनी६८

दोघांचेही आभार. ब्लास्टिंग, पावडर, लायनर तिन्ही रद्द. दाबाच्या चाचणीत ब्रॅकेटच्या मुळाशी बुडबुडे आले, खालच्या शिवणीत एका ठिकाणीही. सांधे पिवळे आहेत, कथील कुठे नाही. ब्रीदर खरंच बुजलेला होता.

दोन शंका. तेलाच्या पातळीच्या वर, आतल्या छताला तपकिरी गंज आहे, त्याला ॲसिड लावू का? आणि बाहेरचा रंग झाळण्याआधी काढायचा की नंतर?

---

दोनपॅक

बाहेरचा रंग आधी, झाळ नंतर. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. आच लावली की ते धुरात जातं, कोरडं घासलं की धुळीत. म्हणून घासकाम ओलं करा आणि तोंडाला कणरोधक मास्क लावा.

आतला गंज फडक्याला नुसता तपकिरी रंग देत असेल तर सोडून द्या, तेलाच्या वाफेने तो तिथेच थांबतो. खरवडल्यावर खपल्या निघत असतील तर सायट्रिक ॲसिड, लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम, कोमट पाण्यात, रात्रभर. टाकी उलटी ठेवली तर द्रावण कमी लागतं. मग भरपूर पाणी, त्यानंतर लिटरमागे २० ग्रॅम धुण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच गरम हवेने वाळवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड नको. ते दुमडलेल्या शिवणीत शिरतं, धुऊन पूर्ण निघत नाही आणि नव्या रंगाखाली गंज आणतं.

रंग काढण्याआधी फोटो घ्या. ट्रान्सफरची (टाकीवर चिकटवलेल्या अक्षरांची, चिन्हाची) जागा ट्रेसिंग पेपरवर उतरवा, कडांपासूनची मापं लिहा. नंतर अंदाजाने लावलेलं ट्रान्सफर जाणकाराला लगेच खुपतं. तोंडं आट्यांच्या बोल्टने बंद करा, टेप किंवा चिंध्यांनी नाही, कारण रिमूव्हर टेपचा चिकट विरघळवून आत जातो. या गाडीच्या आट्या ब्रिटिश आहेत. मेट्रिक बोल्ट दोन फेरे बसतो म्हणून पाना लावून आवळला तर युनियनची आटी गेलीच.

जुना रंग ८० नंबरच्या पाणकागदाने ओरखडून घ्या म्हणजे रिमूव्हर खाली उतरतो. जेल रिमूव्हर जाड, एकाच दिशेने लावा. ब्रश मागेपुढे फिरवला तर वर धरणारी मेणाची साय मोडते आणि रिमूव्हर काम करण्याआधीच उडून जातो. वर पॉलिथिन अंथरा. मिथिलीन क्लोराइडवाला असेल तर वीस ते चाळीस मिनिटं. बेंझिल अल्कोहोलवाला सावकाश चालतो, त्याला रात्रभर द्या. मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर बऱ्याच देशांत किरकोळ विक्रीतून काढलेत, आणि ते योग्यच आहे: वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत माणसं दगावली आहेत. नायट्राइलचे हातमोजे त्यापुढे काही मिनिटांतच हार मानतात, लॅमिनेटचे लागतात. माझं मत विचाराल तर बेंझिल अल्कोहोलवाला घ्या आणि एक रात्र थांबा.

फुगलेला रंग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, शिवणीत पितळी ब्रश. तिन्ही थर एका फेरीत निघणार नाहीत, जोर लावण्यापेक्षा दुसरा हात लावा. ड्रिलला तारेचं चाक लावून पत्रा चमकवण्याचा मोह टाळा. त्याने पत्र्याला पॉलिश होतं आणि प्रायमरला पकड मिळत नाही.

आता या सगळ्या कामात रंग सर्वांत जास्त बिघडवणारी गोष्ट, शिवणीत राहिलेला रिमूव्हर. वरून सगळं कोरडं दिसतं, रंगही छान बसतो आणि काही आठवड्यांनी शिवणीच्या रेषेत फुगवटे येतात. डब्यावर लिहिलंय त्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने शिवणी ब्रश घालून दोन-तीनदा धुवा, हवेने फुंका, गरम हवेने वाळवा. झाळकाम आणि दुसरी दाबाची चाचणी उरकली की टाकी तासभर ६०-७० अंशांवर ठेवा आणि शिवणीकडे नीट बघा. तेल किंवा रिमूव्हर उरला असेल तर ओलसर कड उमटते. उमटली तर पुन्हा धुणं, पुन्हा तापवणं, कड कोरडी राहीपर्यंत. या चाचणीला मी कधीच फाटा देणार नाही.

मग पत्रा १२० ते १८० नंबरने घासा. खड्डे पडलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिड चालेल, पण वाळू न देता पाण्याने पूर्ण धुवा, त्याचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही. ॲसिड एच (पत्रा किंचित खाऊन पकड घेणाऱ्या) प्रायमरवर इपॉक्सी प्रायमर मारायचा असेल तर दोन्हींची माहितीपत्रकं तसं सांगत असली पाहिजेत. नाहीतर इपॉक्सी थेट उघड्या पत्र्यावरच मारा. लांबी (पुटी) भरायची ती मिलिमीटरभर, त्याहून खोल पोचा असेल तर आधी पत्रा ठोकून वर आणा. तापणाऱ्या, लवणाऱ्या पत्र्यावर जाड लांबी तडकते. शिवणीवर लांबी नकोच, ती गळती झाकते.

रंगाआधी ग्रीस रिमूव्हरने पुसताना दोन फडकी ठेवा: एकाने ओलं लावायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने तेल नुसतं पसरतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. त्याच कारणासाठी गंज टाळायला आत्ता आत तेल फिरवू नका. तोंडाशी लागलेला एक थेंबही फवाऱ्याच्या हवेने पसरतो. आत कोरडं ठेवा, सिलिका जेलची पुडी दोरीने बुचाला बांधून सोडा, म्हणजे ती आत विसरली जाणार नाही.

इपॉक्सीचे दोन हात, मग टू-के सरफेसर, ४०० ते ६०० नंबरने ओलं घासणं, मग टू-के रंग. वन-के स्प्रे कॅनचा रंग सांडलेल्या पेट्रोलने मऊ पडतो. युनियन आणि ड्रेन प्लगचे सपाट चेहरे झाकूनच फवारा, वॉशरखाली रंगाचा थर राहिला तर तो दबत जातो आणि काही दिवसांत तिथूनच तेल झिरपतं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा येणारा लागतो. ती सोय नसेल तर तयारी स्वतः करा आणि फवारणी रंगाऱ्याच्या बूथमध्ये. रंग पूर्ण पक्का व्हायला आठवडाभर द्या, तोवर तेल-पेट्रोल लागू देऊ नका.

---

ड्रायसंप

रंग आधी काढायचा हा मुद्दा बरोबर, क्रम तसाच ठेवा. टाकी परत चढवतानाचं राहिलंय ते सांगतो.

सिलिका जेल बाहेर काढलं का ते पाहा. अर्धा लिटर ताजं तेल टाकीत फिरवून पांढऱ्या फडक्यातून काढा. तेलाच्या रबरी नळ्या नव्याच घाला, जुन्या आतून सोलतात आणि त्यांच्या सालीही पंपातच जातात. पुरवठा आणि परतीच्या नळ्यांना खुणा करा, त्या उलट बसल्या तर इंजिन कोरडं चालतं. क्रँककेसच्या तळाची जाळीही आत्ताच काढून धुवा.

टाकीत चार-पाच मिलिमीटर गाळ होता, म्हणजे क्रँकच्या आतली गाळनळीही भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती भरत गेली की बिग एंडचं तेल अडतं, आणि साफ करायला केस उघडून क्रँक बाहेर काढावा लागतो. फ्रेम रंगवायला इंजिन उतरलेलंच आहे, तर हे काम आत्ता करा. आधीच्या मालकाने इंजिन उघडून ती साफ केल्याची खात्रीलायक नोंद असेल तरच सोडा.

तेल गळ्याच्या सुमारे चार सेंटिमीटर खालपर्यंत, काठोकाठ नाही, फेसाला जागा लागते. पुरवठ्याची नळी इंजिनाच्या टोकाला सैल करून बुडबुड्यांशिवाय तेल येईपर्यंत वाहू द्या, मग आवळा. स्पार्क प्लग काढून किक मारत राहा, टाकीच्या तोंडातून परतीचं तेल दिसेपर्यंत. मगच प्लग लावून सुरू करा. परत येणारं तेल हवेच्या बुडबुड्यांसह थुंकल्यासारखं येतं, ते बरोबर आहे, कारण परतीचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा जास्त ओढतो. चालू इंजिनावर मिनिटभरात काहीच दिसलं नाही तर इंजिन बंद करा आणि पंपाच्या गोळ्या तपासा.

पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर तेल बदला आणि दोन्ही जाळ्या पांढऱ्या फडक्यावर झटका. बोटांत चुरडणारे काळे मऊ कण म्हणजे कुठेतरी गाळ उरलाय, आणखी एक तेलबदल त्याच अंतराने करा. चुंबकाला चिकटणारी तुसं किंवा न चुरडणारे चमकदार खडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका, टाकी आणि पंप पुन्हा उतरवून ते कुठून आले ते आधी शोधा.